गाडीचा पुढचा गार्ड: पाइपाआधी ब्रॅकेट पाहा

गेल्या उन्हाळ्यात काटोलकडच्या एका संत्रा बागेतला पाण्याचा टँकर आमच्या वर्कशॉपात टोचन करून आला. टाटाचा जुना छोटा ट्रक, ४०७, मागे टाकी बसवलेली, तारेच्या कुंपणाआतच फिरणारी. बागेला लागून सागाची लावण आणि बांबूचं बेट आहे, मधल्या पट्ट्यात रायमुनिया, म्हणजे घाणेरीची झुडपं, माणसाच्या उंचीची माजलेली. त्यातून विहिरीपर्यंत वाट काढायची म्हणून मालकाने पुढे जाड पाइपांचा गार्ड बसवून घेतला होता. तो बांबूच्या जुन्या खुंटात अडकला आणि पाठीमागे ढकलला जाऊन रेडिएटरमध्ये घुसला. गाडी चालवणारे काका वयस्क. त्यांचा प्रश्न एकच होता, "पाइप तं जसाचा तसाच हाय ना भाऊ, मंग रेडिएटर कसा फुटला?"

पाइपाला खरंच खरचटलंसुद्धा नव्हतं. डावं ब्रॅकेट चेसीपाशी वाकवलेल्या कोपऱ्यात फाटलं होतं. उजव्याची भोकं लांबट झाली होती आणि त्यातला एक बोल्ट कधीचाच गळून गेलेला होता. माझ्याकडे जे तुटलेले गार्ड येतात त्यांत बहुतेक वेळा हेच दिसतं. मालक पाइपाची जाडी बोटाने दाबून पाहतो आणि त्यावर पैसा लावतो. पाइप ज्यावर उभा असतो ती दोन पोलादी पट्ट्यांची जोडी मात्र भंगारातून निवडली जाते. त्या टँकरवर केलेलं काम इथे क्रमाने सांगतो. तुमच्या गाडीची मापं वेगळी असतील, क्रम तोच राहील.

आधी रस्त्याचं बोलू

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरचे क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या विरोधात असल्याचं कळवलं आणि कारवाई करायला सांगितलं. कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास गाड्यांना कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. नंबर घेऊन रस्त्यावर धावणारी गाडी मात्र चार दिवस वावरात उभी राहिली म्हणून त्यातून सुटत नाही.

दंड बाजूला ठेवला तरी मला ही बंदी पटते. गाडीचं तोंड दबून धक्का गिळतं. पुढे कडक लोखंड ठोकलं की तो धक्का थेट चेसीत आणि आत बसलेल्यांपर्यंत जातो. एअरबॅगवाल्या गाडीत सेन्सरचा हिशेब बिघडतो. आणि पायी चालणाऱ्या माणसाला बंपर लागणं वेगळं, पाइप लागणं वेगळं. नागपूरकडे वाडीच्या नाक्यावर किंवा कळमना मार्केटच्या गर्दीत असा गार्ड घेऊन फिरायचं काहीच कारण नाही. त्यामुळे रस्त्याच्या ट्रकला मी गार्ड बसवत नाही. कंपनीच्या बंपरचं ब्रॅकेट सैल झालं असेल किंवा तडकलं असेल तर ते कंपनीचंच नवं बसवून द्यावं. खालचं तपासणीचं आणि बोल्ट आवळण्याचं काम त्यालाही लागू पडतं. आवारातल्या गाडीचा गार्डही मी असा बनवतो की आठ बोल्ट काढले की तो उतरला पाहिजे, म्हणजे गाडी कधी दुरुस्तीला बाहेर न्यायची झाली तर गार्ड बागेतच राहतो.

गार्डाने काय सोसायचं

हे ठरवल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये. एक हिशेब करून पाहा. भरलेली ५ टनांची गाडी ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने, खुंटावर आदळली आणि १० सेंटीमीटरमध्ये थांबली, तर सरासरी ५ टनांच्या आसपास जोर पडतो. वेग १० केला की तोच जोर २० टनांच्या घरात जातो, कारण वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. ताशी ४० चं तर बोलूच नये. फांद्या सारणं, आडवे बांबू ढकलणं, हेडलाइट आणि रेडिएटर वाचवणं, एवढंच गार्डाचं काम. झाड पाडायला किंवा टक्कर झेलायला तो नाही, हे चालवणाऱ्याला समोर बसवून सांगावं.

मग मजबूत करायचं म्हणजे काय? माझ्या लेखी मजबुती म्हणजे मोडण्याचा क्रम ठरवणं. मर्यादेपलीकडे जोर आलाच तर सगळ्यात आधी पाइप वाकावा. त्यानंतर ब्रॅकेट. चेसीला काहीही होता कामा नये. पाइप तासाभरात बदलता येतो, ब्रॅकेटला एक दिवस लागतो. वाकडी झालेली चेसी मात्र पूर्वीसारखी सरळ होत नाही. त्या टँकरवर हा क्रम उलटा बसला होता: पाइप सगळ्यात दणकट, ब्रॅकेट सगळ्यात कच्चं.

उतरवा, धुवा, भेग शोधा

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना उटी (चाक अडवायची पाचर) लावा, हँडब्रेक ओढा. गार्ड उतरवताना दोन माणसं हवीत. शेवटचे दोन बोल्ट काढण्याआधी गार्ड चेन पुलीला टांगा किंवा खाली घोडी लावा. ८० किलोचं धूड पायावर आलं तर हाड वाचत नाही.

मग डिझेल आणि ब्रशने ब्रॅकेटं, बोल्टांच्या जागा आणि चेसीची पुढची दोन फूट लांबी चकचकीत धुवून काढा. चिखलाखाली भेग दिसत नाही. संशयाच्या जागी घासलेट लावा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची पूड चोळा. भेगेत शिरलेलं घासलेट बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. आमच्याकडे हा जुना उपाय आहे आणि तो सहसा फसत नाही. पाहायच्या जागा चार: वाकवलेला कोपरा, वेल्डिंगची दोन्ही टोकं, भोकांच्या कडा आणि चेसीवर ब्रॅकेटची कड जिथे टेकते ती रेघ. भोकाभोवती लालसर गंजाची भुकटी दिसली तर तो जोड हलतो आहे असं समजा, बोल्ट कितीही घट्ट वाटला तरी.

चेसीतच भेग निघाली तर थांबा. ते काम कंपनीच्या दुरुस्तीच्या सूचना जवळ असलेल्या माणसाचं आहे. गार्ड त्यानंतर. ब्रॅकेटमधली भेग भरून ते पुन्हा वापरायचंच असेल तर भेगेच्या टोकाला ५ मिलिमीटरचं भोक पाडून ती तिथेच अडवा, दोन्ही बाजूंनी व्ही आकारात घासा आणि मग वेल्ड करा. मी स्वतः तसं करत नाही. एकदा दमलेल्या पोलादाचं ब्रॅकेट पुन्हा त्याच जागी बसवायला माझं मन घेत नाही. नवं करायला लागणारा जास्तीचा खर्च तीन-चार किलो प्लेटीचा असतो.

माल

नागपुरात पाइप-प्लेट घ्यायला इतवारीतली लोहा ओळ आहेच. दुकानात नुसतं "दीड इंची पाइप" म्हणू नका, क्लास सांगा. पाइपावरचा रंगाचा पट्टा पाहा: पिवळा म्हणजे हलका ए क्लास, निळा म्हणजे मध्यम बी, लाल म्हणजे जड सी. गॅल्व्हनाइज्ड पाइप गार्डाला नको. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. काळा पाइप घ्या.

आता लोक हमखास चुकतात ती गोष्ट. ४० एनबी पाइप, म्हणजे दुकानातला दीड इंची, बाहेरून ४८.३ मिलिमीटर असतो. बी क्लासमध्ये त्याची भिंत ३.२ मिलिमीटर आणि वजन मीटरला सुमारे ३.५६ किलो. तो कमी वाटतो म्हणून त्याच मापात सी क्लास घेतला, तर वजन सुमारे २३ टक्के वाढतं आणि वाकण्याविरुद्धची ताकद १९ टक्के. त्याऐवजी ५० एनबी बी क्लास घेतला, बाहेरून ६०.३ आणि भिंत ३.६, तर वजन ४१ टक्के वाढतं पण ताकद जवळजवळ पावणेदोन पट होते. म्हणून जास्त दम हवा असेल तिथे व्यास वाढवा, भिंतीची जाडी नंतर. मी दोन उभे खांब ५० एनबीचे केले आणि आडवे पाइप ४० एनबीचे ठेवले. आडवा आधी वाकावा हा हेतू.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. गार्ड पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतो, त्यामुळे पुढच्या अॅक्सलला त्याच्या वजनापेक्षा जास्त भार लागतो. चाकाच्या मध्यापासून ०.९ मीटर पुढे ६० किलोचा गार्ड असेल आणि व्हीलबेस ३.३ मीटर असेल, तर पुढच्या अॅक्सलवर सुमारे ७६ किलो येतात आणि मागचा १६ किलोने हलका होतो. स्टिअरिंग जड होतं, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात. या टँकरचा जुना गार्ड काट्यावर ८४ किलो भरला होता. नवा ५८ मध्ये बसला.

बोल्ट डोक्यावर ८.८ कोरलेलेच घ्या. डोक्यावर काहीच नसलेला साधा बोल्ट अर्ध्या ताकदीचाही नसतो. नट त्याच तोडीचे, ८ छापलेले, आणि दोन्ही बाजूंना कडक सपाट वॉशर. बोल्टाची लांबी अशी निवडा की जोडाच्या सापटीत आटे येऊ नयेत, तिथे गुळगुळीत दांडा असावा.

ब्रॅकेट

इथेच वेळ द्यायचा आहे.

जुनं ब्रॅकेट म्हणजे ७५ मिलिमीटर रुंद, ८ जाड फ्लॅट पट्टी, आडवी निजवलेली आणि दोन्हीकडे काटकोनात वाकवलेली. गार्डाच्या वरच्या भागावर फांदीचा दाब आला की ती पट्टी तिच्या पातळ दिशेने वाकायची. तीच पट्टी कडेवर उभी केली तर त्या दिशेने तिची ताकद नऊ पटींहून जास्त होते, लोखंड एक ग्रॅमही न वाढवता. त्याउलट निजलेली पट्टी ८ ऐवजी १० मिलिमीटरची घेतली तर ताकद जेमतेम दीडपट. जाड पट्टी मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी लाकडी फूटपट्टी हातात देतो. आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवा. पुढचं त्याला सांगावं लागत नाही.

म्हणून नवं ब्रॅकेट तीन तुकड्यांचं केलं. पहिली, चेसीच्या उभ्या अंगाला बाहेरून चिकटणारी ८ मिलिमीटरची बाजूची प्लेट, लांबट, चार बोल्टांची. दुसरी, तिच्या पुढच्या टोकाला काटकोनात वेल्ड केलेली १० मिलिमीटरची तोंडाची प्लेट. गार्डाचा खांब तिच्यावर बोल्टाने बसतो. तिसरी, दोघींच्या कोपऱ्यात ६ मिलिमीटरची त्रिकोणी पट्टी, जिला आम्ही गसेट म्हणतो. उभी प्लेट पुढून-मागून भक्कम असते, पण बाजूच्या धक्क्याला पातळच असते. गाडी वळताना सागाच्या बुंध्याला गार्डाचं टोक लागलं तर दोन्ही ब्रॅकेटं एकाच बाजूला कलतात. त्यासाठी दोन्ही ब्रॅकेटांना जोडणारं एक आडवं चॅनेल टाका. मी ७५ चं चॅनेल टाकलं. एकाचा धक्का मग दोघांत वाटला जातो. पुष्कळ कारागीर हे चॅनेल टाकत नाहीत, आणि एक ब्रॅकेट शाबूत असताना दुसरं फाटलेलं दिसतं त्याचं कारण बहुधा हेच असतं.

बोल्टांमधलं अंतर तितकंच महत्त्वाचं. समजा तोंडाच्या प्लेटीपासून ७० सेंटीमीटर वर, गार्डाच्या वरच्या पाइपावर, २०० किलोचा दाब आला. वरच्या आणि खालच्या बोल्टांत १५ सेंटीमीटर अंतर असेल तर एका बाजूच्या खालच्या जोडीवर सुमारे ४६५ किलोची ओढ येते. अंतर ५ सेंटीमीटर असेल तर १,४०० किलोची. जुन्या ब्रॅकेटमध्ये एका बाजूला दोनच बोल्ट होते, एकावर एक, ५ सेंटीमीटरवर. म्हणजे ती सगळी ओढ एकाच बोल्टावर आणि त्याच्याखालच्या पट्टीच्या कोपऱ्यावर. फाटलं नसतं तरच नवल.

भोकं ड्रिलनेच पाडा. १२ च्या बोल्टाला १३, १६ च्या बोल्टाला १७. गॅसने कापलेलं भोक कधी गोल नसतं, कड कडक होते आणि भेग तिथूनच निघते. भोकाचा मध्य प्लेटीच्या कडेपासून भोकाच्या व्यासाच्या दुप्पट आत असू द्या. प्लेटीचे कोपरे गोल घासा. प्लेट वाकवायचीच असेल तर आतली गोलाई निदान प्लेटीच्या जाडीइतकी ठेवा. व्हाइसच्या धारेवर घणाने काटकोन मारलेल्या कोपऱ्यात भेग त्याच दिवशी सुरू झालेली असते.

हे सगळं कापण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करा, मग पत्र्याचा. पत्र्याचा नमुना चेसीवर क्लॅम्पने धरून बॉनेट उघडून पाहा, रेडिएटरची जाळी, हॉर्न, ब्रेकच्या नळ्या पाहा. मधल्या पाइपांनी रेडिएटरसमोरची वाट अडवू नका. आमच्या ४५-४६ अंशांच्या मे महिन्यात पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला वारा तसाही कमी मिळतो. केबिन पुढे कलणारी गाडी असेल तर ती पूर्ण कलवून माप घ्या, कारण कलताना केबिनचं नाक पुढे आणि खाली येतं. टोचन करायचा हुक मोकळा राहिला पाहिजे. हेडलाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेटही.

चेसीला हात लावताना

चेसीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या अंगाला भोक पाडायचं नाही आणि तिथे वेल्ड मारायचा नाही. सगळा ताण त्या दोन कडांनी वाहिला जातो. बोल्ट फक्त उभ्या अंगात, आणि शक्यतो कंपनीने आधीच पाडलेल्या भोकांत. आम्हाला तीन भोकं तयार मिळाली. चौथ्यासाठी कंपनीच्या सूचनांत परवानगी असलेली जागाच वापरली आणि भोक पाडून कड घासून लगेच प्रायमर लावला. चेसीला ब्रॅकेट वेल्ड करून टाकण्याचा सोपा मार्ग पुष्कळांनी निवडलेला मी पाहिला आहे. वेल्डिंगची उष्णता त्या पोलादाचा गुण बिघडवते आणि वर्षा-दोन वर्षांत वेल्डच्या कडेला भेग येते.

आतल्या बाजूला नटाखाली नुसता वॉशर पुरत नाही. सगळ्या बोल्टांना मिळून एक ६ मिलिमीटरची पाठप्लेट द्या. चेसीचा तो भाग पेटीसारखा बंद असेल तर आत नळीचा तुकडा घालून त्यातून बोल्ट न्या, नाहीतर आवळताना पेटी चेपते आणि बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांवर किंवा पाट्याच्या हँगरच्या बोल्टांवर ब्रॅकेट अडकवू नका, जागा कितीही सोयीची दिसली तरी. गार्डाचा धक्का स्टिअरिंगपर्यंत पोचवण्याचा तो सरळ रस्ता आहे.

वेल्डिंग

ब्रॅकेटं टेबलावर जोडा, गाडीवर नाही. गाडीवर काही मारावंच लागलं तर बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, इंजिनचा कॉम्प्युटर असलेल्या गाडीत त्याचा सॉकेट काढा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेला अगदी लागून लावा. चिमटा लांब राहिला तर करंट बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट शोधतो. डिझेलच्या नळ्यांवर ओली गोणी टाका आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

८ आणि १० च्या जोडाला मी ७०१८ रॉड वापरतो, ३.१५ मिलिमीटरचा, डीसी मशीनवर रॉड प्लसला, करंट ११० ते १३० च्या दरम्यान. साधा ६०१३ पाइपांच्या जोडांना चालतो. ब्रॅकेटला ७०१८ चा वेल्ड जास्त चिवट बसतो. त्याची अट एकच, रॉड कोरडा हवा. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत पाकीट उघडं राहिलं की रॉड ओल धरतो आणि त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये जाऊन आतून भेग पाडतो. डब्यावर लिहिलेल्या तापमानाला, बहुतेकदा ३०० अंशांच्या आसपास, भट्टीत तापवून घ्या आणि गरम असतानाच वापरा. उन्हात वाळवून हे काम होत नाही.

जोडाच्या दोन्ही बाजू गंज आणि रंग जाऊन पांढऱ्या होईपर्यंत घासा. गुणिया लावून चारही कोपऱ्यांना टाके मारा, पुन्हा गुणिया लावा आणि मग वेल्ड ओढा. एका बाजूला थोडा, मग समोरच्या बाजूला थोडा. सलग एकाच बाजूने मारला तर थंड होताना तोंडाची प्लेट आत ओढली जाते आणि दोन्हीकडची भोकं जुळत नाहीत. मी डावं आणि उजवं ब्रॅकेट पाठीला पाठ लावून क्लॅम्प करतो आणि दोन्ही एकत्र थंड होऊ देतो, पाणी न मारता. ८ च्या प्लेटीला वेल्डची पायरी ६ मिलिमीटरची पुरते, पण ती दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण लांबीची हवी. कडेला पोचल्यावर रॉड तिथेच उचलू नका, टोकाला वळसा घालून या. गसेटच्या अणकुचीदार टोकावर वेल्ड संपवला तर भेग तिथूनच निघते, म्हणून आधीच टोक १५ मिलिमीटर छाटा. प्रत्येक थरानंतर स्लॅग (वेल्डवर जमणारं कवच) पूर्ण काढा. वेल्डच्या कडेला प्लेट खाल्ली गेल्याची खाच दिसली तर ती भरा आणि हलक्या हाताने घासून मिळवा.

पाइपांच्या जोडात आडव्या पाइपाचं तोंड खांबाच्या गोलाईला बसेल असं कोरून घ्या. सपाट कापून मधली फट रॉडने भरलेला जोड दिसतो छान, पण धरत नाही. दोन्ही टोकं बंद होणाऱ्या पाइपाला खालच्या बाजूला ५ मिलिमीटरचं भोक आधीच पाडा. आतली हवा तापून वाढते, आत ओल असेल तर वाफ होते आणि शेवटचा टाका मारताना वितळलेलं पोलाद तोंडावर येऊ शकतं. पुढे त्याच भोकातून पावसाचं पाणीही निघून जातं. गार्डाची टोकं उघडी किंवा टोकदार ठेवू नका, आत वळवून टोपी मारा.

रंगाचं थोडक्यात. घासा, रेड ऑक्साईड प्रायमरचे दोन हात, वर एनॅमल. बोल्टाखाली येणाऱ्या आणि चेसीला चिकटणाऱ्या जागांवर मात्र प्रायमरचा एकच पातळ हात द्या. जाड रंगावर आवळलेला बोल्ट रंग दबला की सैल होतो.

बसवणं आणि ओढून पाहणं

आधी सगळे बोल्ट हाताने लावा, गार्ड ओळंब्यात आणा, मग मधल्या बोल्टांपासून बाहेर तिरपे जात आवळा. टॉर्क पाना वापरा. कोरड्या, स्वच्छ आट्यांच्या ८.८ बोल्टाला १२ च्या मापात सुमारे ८० न्यूटन मीटर, १६ च्या मापात सुमारे २००. आट्यांना तेल लावलं असेल तर आकडा कमी करा, नाहीतर बोल्ट ताणला जातो. नायलॉक नट एकदा काढला की पुन्हा वापरू नका. प्रत्येक नटापासून प्लेटीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. नट हलला की रेघ तुटते आणि ती पान्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दिसते.

त्यानंतर मी गार्ड ओढून पाहतो. गाडी उटीवर, समोर शेडच्या पायातल्या खांबाला चेन पुली, मधे हुकाचा काटा, आणि वरच्या पाइपाला पट्टा. हळूहळू २०० किलोपर्यंत ताण आणायचा. बाजूला जमिनीत रोवलेल्या काठीवर पाइपाची जागा खडूने आधीच टिपलेली असते. ताणात पाइप थोडा पुढे येतो, ते चालेल. ताण सोडल्यावर तो खुणेवर परत आला पाहिजे. ओढ पुढे असल्याने वरच्या-खालच्या बोल्टांची भूमिका बदलते, पण जोड सरकतो की नाही ते यातून कळतंच. साखळीसमोर कोणी उभं राहायचं नाही. दुसऱ्या गाडीने झटका देऊन पाहायचं नाही, त्याने कळत काहीच नाही आणि नवं काम बिघडतं. आमचा पाइप पहिल्या वेळी ३ मिलिमीटर पुढेच राहिला. उजव्या पाठप्लेटीखाली रंगाचा जुना पोपडा सुटला होता. प्लेट काढून खरवडली, पुन्हा आवळलं, मग गार्ड खुणेवर आला.

पंधरा दिवसांनी पाना घेऊन बागेत गेलो. नवा जोड पहिल्या काही दिवसांत बसतोच, म्हणून हा फेरा मी कधी चुकवत नाही. आठवडाभर विहिरीच्या वाटेवरची रायमुनिया सारून गार्डाचा रंग खालून पार खरवडला होता. खालचा आडवा पाइप डावीकडे बोटभर वाकला होता. काकांनी आपण होऊन सांगितलं, परत त्याच बांबूच्या खुंटाला लागला म्हणून. ब्रॅकेटवर घासलेट आणि खडू लावून पाहिलं, रेघ उमटली नाही. डाव्या चेसीकडच्या दोन नटांवरची पिवळी रेघ किंचित तुटली होती. ते आवळले, नवी रेघ ओढली आणि मालकाला सांगून त्याच दुपारी तो खुंट कुदळीने काढवून घेतला.